मित्र सोबतीला, मास्तर वेगळा

डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कडाका वाढला की अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या डाब-वालंब्याकडे पहाटे दव गोठतं. गाडीच्या टपावर, अंगणातल्या खाटेवर, चाऱ्याच्या पेंढीवर पांढरा थर बसतो. लोक तो नखाने खरवडतात, फोटो काढतात, आणि ऊन डोंगरावरून खाली येईपर्यंत पुन्हा नुसतं ओलं गवत उरतं. माझा बर्फाशी संबंध एवढाच. दुसरा म्हणजे रसवंतीवर भुश्शात ठेवलेल्या लादीशी. शहाद्याच्या माझ्या मित्राचंही जवळजवळ तेच. तरी आम्ही दोघं फेब्रुवारीत गुलमर्गला गेलो आणि एका फळीला पाय बांधून दिवसभर पडलो. त्यानंतर ओळखीतली बरीच मंडळी विचारतात, ‘आम्हाला जमेल का?’ जमेल. पण आम्ही ज्या क्रमाने चुका केल्या त्या क्रमाने करू नका, म्हणून हे सगळं सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. स्नोबोर्डचा पहिला दिवस घसरायला शिकण्याचा नसतो, थांबायला शिकण्याचा असतो. घसरणं आपोआप होतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि थांबायला शिकवायचं काम मित्राकडे देऊ नका. तो कितीही जवळचा असो, त्याने याआधी चार वेळा बोर्ड चालवलेला असो.

फळी दिसायला साधी आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. पुढे त्या खेळण्याच्या नाकाला धरायला दोरी आली आणि ‘स्नर्फर’ नावाने ते विकलं जाऊ लागलं. तिथून निघालेला खेळ फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानच्या नागानोत ऑलिंपिकला पोचला. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणजे ऑलिंपिकमधला स्नोबोर्ड आणि आमचा जिल्हा एका वयाचे. याचा शिकण्याशी काही संबंध नाही, पण मला सांगायला आवडतं.

संबंध आहे तो पुढच्या गोष्टीचा. स्कीवर दोन पाय दोन पट्ट्यांवर सुटे असतात, तोंड समोर असतं. बोर्डावर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले आणि अंग आडवं. तोल गेला तर एक पाय पुढे टाकून सावरायची सोय नाही. म्हणून नवखा माणूस सरळ हातांवर पडतो, आणि या खेळात नवशिक्यांची सगळ्यात जास्त मोडतोड मनगटाची होते.

तयारी महिनाभर आधी घरीच सुरू करा. कोणता पाय पुढे ठेवायचा ते ठरवायला बर्फ लागत नाही. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावलं धावा आणि आडवे होऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे गेला तो तुमचा पुढचा. डावा पुढे असला तर त्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा असला तर ‘गूफी’. नाव जरा हिणवल्यासारखं वाटतं, पण त्यात कमीपणा काही नाही. दुसरी परीक्षा मित्राने घ्यायची. तुम्ही पाठ करून उभे राहा, त्याने न सांगता हलकेच ढकलायचं, आणि सावरायला कोणता पाय पुढे पडला ते बघायचं. मित्राने शिकवण्याचा भाग इथे सुरू होतो आणि इथेच संपतो.

दुसरी तयारी मांड्यांची. बोर्डावर दिवसभर गुडघे वाकवून, बसल्या-न-बसल्यासारखं उभं राहायचं असतं. नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्यांवर बाया सकाळपासून उकिडव्या बसून देठ खुडतात. त्यांच्यातली एखादी बोर्डावर उभी राहिली तर आमच्यासारख्या खुर्चीवाल्यांच्या पुढे जाईल, याबद्दल मला शंका नाही. रोज पन्नास उठाबशा काढा, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं मिनिटभर बसा. अस्तंभ्याचा डोंगर ज्याने चढून उतरला आहे त्याला ठाऊक असेल की मांड्या भरतात त्या उतरताना. इथे तर पूर्ण दिवस उतरणीचाच.

कपड्यांत लोक सगळ्यात जास्त चुकतात. जीन्स नको. ती भिजते, मग वाळत नाही आणि तासाभरात पत्र्यासारखी कडक होते. सुती बनियन, सुती मोजेही नकोत. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वरून पाणी आत न घेणारं जाकीट आणि तशीच पँट. विणलेले लोकरी हातमोजे बर्फात हात टेकवला की ओले होतात, वॉटरप्रूफच घ्या. मोज्यांचा एकच जोड घालायचा, लांब आणि लोकरीचा. मी थंडीच्या धास्तीने दोन जोड चढवले होते. आत घडी पडली, बूट आवळल्यावर रक्त अडलं आणि पाय एका जोडाने गार पडले असते त्याहून जास्त गार पडले. गुडघ्यांना व्हॉलीबॉलवाले घालतात ते पॅड खेळाच्या कुठल्याही दुकानात मिळतात. ते पँटीच्या आतून घाला. मनगटाचे गार्ड मात्र स्केटिंगच्या दुकानातून घेऊनच निघा, तिकडे भाड्याने मिळतील या भरवशावर राहू नका.

उन्हाकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडच्या मे महिन्याचं ऊन सोसलेल्यांना फेब्रुवारीतलं हिमालयातलं ऊन गमतीचं वाटतं. पण ताजा बर्फ अतिनील किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटरला ते किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ऊन वरून येतं तसं खालूनही. माझी हनुवटीखालची कातडी आणि नाकपुड्यांची कड भाजली, कारण तिथे मलम लावायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. डोळ्यांना नेहमीचा काळा चष्मा नको, पडलात की तो मोडतो. रुंद पट्ट्याचा स्कीचा गॉगल भाड्याने घ्या.

जायचं कसं? नंदुरबार सुरत-भुसावळ मार्गावर आहे, सुरतेहून दिल्ली आणि कटऱ्याच्या गाड्या मिळतात, आणि ६ जून २०२५ ला कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यापासून श्रीनगरपर्यंत रुळांवरूनच जाता येतं. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचे तेरा टंगमर्गपासून घाटाचे, आणि बर्फ पडलेला असला की साधी गाडी तिथेच थांबते. पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी करावी लागते. तो खर्च हिशेबात धरून निघा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवं. निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना आणि रस्त्याची खबर बघा. काश्मीर नको असेल तर मनालीजवळचं सोलंग आहे. औलीचा विचार असेल तर जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवे बंद करण्यात आला होता, तेव्हा आधी फोन करून विचारा. आठवडाभर हाताशी असेल तर गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे, तिथले अभ्यासक्रम बघा. मी इथे सांगतोय ते एका दिवसाचं.

पोचल्याच्या दिवशी बोर्ड घेऊ नका. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, आपलं तोरणमाळ साधारण साडेअकराशेवर. पहिल्या संध्याकाळी डोकं जड होतं, जिना चढताना धाप लागते. पाणी प्या, लवकर झोपा, आणि ‘थंडीत घ्यायलाच हवी’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सकाळी भाड्याच्या दुकानात घाई करायची नाही. बोर्ड अंगाशी उभा धरला तर नवशिक्याला तो हनुवटीपर्यंत किंवा किंचित खाली पुरतो, पण उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, म्हणून दुकानदाराला आपलं खरं वजन सांगा. बुटांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. घालून गुडघा पुढे वाकवा. टाच बुटात वर उचलली जात असेल तर तो बूट परत द्या. बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, दुमडता कामा नयेत. मला एका दुकानात एक नंबर मोठा बूट दिला गेला, ‘घट्ट बांधा, चालतो’ या आश्वासनासकट. नाही चालत. टाच आत हलली की बोर्ड तुमचं ऐकत नाही आणि दोष आपण स्वतःला देत बसतो. हेल्मेट मागून घ्या, देत नसतील तर दुसरं दुकान बघा. भाव आधी ठरवा: किती तासांचा, त्यात बूट-हेल्मेट आलं का, शिकवणारा धरून की वेगळा. बोर्डावरचे जुने ओरखडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

आता मास्तर. दोघं नवखे असाल तर दोघांत मिळून एक प्रशिक्षक निदान पहिल्या दोन तासांसाठी घ्या. आमची अडचण अशी की माझ्या मित्राने आधी एकदा मनालीत अर्धा दिवस बोर्ड चालवला होता आणि त्याचा त्याला आत्मविश्वास होता. तो म्हणाला, ‘पैसे कशाला घालवतो, मी दाखवतो ना भो.’ त्याने दाखवलंही. म्हणजे तो माझ्यापुढे वीस पावलं घसरत गेला आणि खाली उभा राहून ओरडला, ‘असं कर!’ येणाऱ्या माणसाला आपल्याला कसं येतं हे सांगता येत नाही. शिवाय मित्रापुढे भीती कबूल करायला लाज वाटते, मास्तरापुढे वाटत नाही. अर्ध्या तासाने आम्ही मुकाट्याने एका स्थानिक शिकवणाऱ्याला विचारलं. तो पन्नाशीचा, फेरन घातलेला माणूस. त्याने पहिल्यांदा मित्राचाच बोर्ड काढून बाजूला ठेवला.

त्याने शिकवलेला क्रम असा. आधी सपाटीवर एकच पाय, पुढचा, बांधायचा आणि मोकळ्या पायाने रेटत चालायचं, सायकल हाताळताना एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने जमीन ढकलतो तसं. मग पडायला शिकायचं. पुढे पडताना मुठी वळायच्या आणि कोपरापासूनचा हात टेकवायचा, तळवा उघडा पुढे करायचा नाही. मागे पडताना हात मागे न्यायचेच नाहीत. हनुवटी छातीला लावून, बुड टेकवून पाठीवर गोल लोळायचं. आम्ही हे दहा-दहा वेळा केलं. आजूबाजूच्या पर्यटकांनी आमचे व्हिडिओ काढले. काढू द्या.

मग दोन्ही पाय बांधायचे आणि उताराकडे तोंड करून उभं राहायचं. इथून खरा बोर्ड सुरू होतो, आणि सगळं एका गोष्टीत आहे: फळीच्या दोन लांब कडा असतात, एक टाचेकडची, एक चवड्याकडची, आणि बोर्ड नेहमी डोंगराकडच्या कडेवर उभा राहिला पाहिजे. तोंड दरीकडे असेल तर टाचेची कड रुतवायची, बोटं वर. बोटं किंचित खाली सोडली की बोर्ड आडवाच खाली सरकू लागतो, वर उचलली की थांबतो. पाणी सोडायच्या नळासारखं, थोडं उघडायचं, थोडं बंद करायचं. दरीकडची कड चुकून जरी बर्फाला लागली तरी ती अडकते आणि माणूस गोणी टाकल्यासारखा आपटतो. इतका झटकन की पडलो हे पडल्यावर कळतं. माझं तसं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी हेल्मेटचा आवाज मीच ऐकला आणि मित्र वरून ओरडला, ‘काय व्हयनं भो?’ तेव्हा हेल्मेटचं भाडं वसूल झालं.

टाचेवर जमलं की उलट फिरून डोंगराकडे तोंड करायचं आणि चवड्यांवर तेच. हे जास्त भीतीचं, कारण आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. पण खूण सोपी आहे: नडगी बुटाच्या जिभेवर सतत दाबलेली राहिली पाहिजे. दाब सुटला की समजा कड सुटली. उठायलाही हीच बाजू बरी. बसल्या जागेवरून टाचांवर उठताना दमछाक होते, त्यापेक्षा पालथं व्हायचं, गुडघ्यांवर यायचं आणि हातांनी ढकलून उभं राहायचं.

नंतर गळणाऱ्या पानाची चाल. झाडावरून सुटलेलं पान डावीकडे, मग उजवीकडे हेलकावत खाली येतं तसं एकाच कडेवर राहून तिरकं जायचं आणि परत यायचं. ज्या बाजूला जायचं तिकडे आधी नजर, मग खांदा, मग आपोआप बोर्ड. पायांकडे बघितलं की संपलं. आणि वजन पुढच्या पायावर. उतार दिसला की मन मागे रेलायला सांगतं, आणि तिथेच ताबा सुटतो, कारण वळवणारा पाय पुढचा आहे. पहिल्या दिवशी एवढं आलं तर दिवस उत्तम गेला. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणारं पूर्ण वळण दुसऱ्या दिवशी येतं. काहींना पहिल्याच दुपारी येतं, आम्हाला नाही आलं.

जेवणाच्या वेळची एक गोष्ट ऐका. मित्राने बोर्ड काढला आणि शेजारी बर्फावर सरळ ठेवून दिला, बाइंडिंगची, म्हणजे पाय बांधायच्या पट्ट्यांची, बाजू वर. आम्ही शेंगदाण्याचे लाडू काढत होतो, तेवढ्यात बोर्ड निघाला. आधी हळू, कुणी बोलावल्यासारखा, मग सुसाट. खाली स्लेजवर एक कुटुंब बसलेलं होतं. आमचा मास्तर ओरडला, खालच्या एका पोराने पाय आडवा घातला आणि बोर्ड उलटून थांबला. मोकळा बोर्ड म्हणजे धारेची फळी आहे, कुणाच्याही नडगीचं हाड मोडू शकते. बोर्ड खाली ठेवताना नेहमी पालथा ठेवायचा, बाइंडिंग बर्फात रुतवून. बांधताना आधी सुरक्षेची दोरी पायाला लावायची आणि सोडताना ती सगळ्यात शेवटी सोडायची. त्या दिवशी मास्तर एकदाच रागावला, तो यावरूनच.

उतारावरचे नियमही असेच थोडे आणि कडक. खालच्या माणसाचा हक्क पहिला, कारण त्याला पाठीमागचं दिसत नाही. वाटेच्या मध्ये बसायचं नाही, दम खायला कडेला जायचं. उंचवट्याच्या लगेच खाली तर मुळीच थांबायचं नाही, वरून येणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. दोन मित्र असलात की गप्पा मारायला शेजारी-शेजारी मध्येच बसण्याचा मोह होतो. मित्राचा खरा उपयोग तिथे नाही. त्याने तुमचं पाणी, मलम, सुका हातमोजा सांभाळायचा, ओठ निळसर दिसले किंवा बोलणं अडखळलं तर तुम्ही नको म्हणत असतानाही आत न्यायचं. तेच तुम्ही त्याचं करायचं.

दुपारी दोनच्या सुमारास मित्राला गंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, आठवला. गुलमर्गचा पहिला टप्पा कोंगडोरीला साधारण ३०८० मीटरवर नेतो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, चार हजारांच्या जवळ. ‘वर जाऊन एकदाच खाली येऊ’ हे वाक्य पहिल्या दिवशी बोलणाऱ्याचं ऐकू नका. बोर्ड खाली ठेवून बघायला खुशाल जा, तिकीट ऑनलाइन आधी काढा. पण वरचे उतार नवशिक्याचे नाहीत, आणि आखलेल्या वाटेबाहेरचा मऊ, कोरा बर्फ हिमस्खलनाचा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे अनुभवी परदेशी स्कीपटूचा जीव गेला आहे. आम्ही वर गेलो ते पायांत साधे बूट घालून, कहवा पिऊन परत आलो.

बर्फाचीही वेळ असते. सकाळी तो रात्रीच्या थंडीने कडक असतो आणि पडलं की फरशीसारखा लागतो. अकरानंतर मऊ होतो, शिकायला तीच वेळ चांगली. तीन-साडेतीनला सावली आली की पुन्हा गोठायला लागतो, आणि तोवर मांड्याही संपलेल्या असतात. म्हणून तीनला थांबा. ‘अजून एकदाच’ची जी फेरी असते ना, प्लास्टर बहुतेक तिच्यात होतं.

परतल्यावर आधी ओले मोजे काढा. बोटं बधिर झाली असतील तर कांगडीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगडीवर, धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड येतात. कोमट पाण्यात किंवा स्वतःच्या काखेत धरा. बूट-बोर्ड दिवस मावळायच्या आत परत करा आणि ठेव म्हणून दिलेलं ओळखपत्र मागून घ्या, ते राहून जातं. रात्री जेवताना चमचा धरायला मनगट दुखेल, ते चालतं. सुजलं, बोटं हलवताना कळ आली तर मुरगळलंय म्हणून चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासाठी खाली जायचं होतं. गुडघे वाकेनात. हॉटेलचा लाकडी जिना आम्ही दोघं कठडा धरून, आडवे होऊन, एकेका पायरीवर टाच रोवत उतरलो. मित्र पुढे होता. खाली पोचून वळला आणि म्हणाला, ‘असं कर!’